पांढरी बोट आणि सलग तिकीट

आमच्या कार्यालयात दरवर्षी डिसेंबर सरता सरता पाच-सात कॅलेंडरे येऊन पडतात. बँकेचे, विम्याचे, छापखान्याचे, स्टेशनरीवाल्याचे. त्यातली चांगली साहेबांच्या घरी जातात आणि जी कुणालाच नको असतात ती आमच्या टेबलामागच्या खिळ्यावर लटकतात. यंदा आमच्या वाट्याला आले ते जुन्या काळच्या प्रवासी जाहिरातींचे कॅलेंडर. बारा महिने, बारा पोस्टर्स. एप्रिलपर्यंत आम्ही त्याच्याकडे फक्त रजेचे दिवस मोजण्यापुरतेच पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

मे महिन्याचे पान उघडले तेव्हा आमचा शिपाई चहाचे कप गोळा करता करता थांबला. पानावर निळाशार समुद्र, त्यावर पांढरीशुभ्र बोट, तिला तीन पिवळी धुराडी, आणि खाली कंपनीचे नाव. नाव काय म्हणून त्याने विचारले, आम्ही वाचून दाखविले : कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. तो म्हणाला, "भाऊसाहेब, नाव रेल्वेचं आणि चित्र बोटीचं. छापणाऱ्याचं काही चुकलं का काय?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर आमच्याजवळ नव्हते. मग ग्रंथालयात जाऊन वाचावे लागले, आणि वाचता वाचता त्या एका बोटीमागे इतके काही निघाले की या वेळचे सदर त्यालाच द्यायचे ठरविले.

वाचकहो, छापणाऱ्याचे चुकले नव्हते. एके काळी रेल्वे कंपन्या स्वतःच्या बोटी बाळगीत. कारण साधे आहे. रूळ समुद्रापाशी संपतात, पण प्रवाशाचा प्रवास तिथे संपत नाही. त्याला धक्क्यावर उतरवून दुसऱ्याच्या बोटीत बसविले तर पुढचे भाडे दुसऱ्याच्या खिशात जाते. इंग्लंडच्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेने हारविच बंदरातून हॉलंडच्या हूक बंदराकडे १८९३ सालापासून आपल्या बोटी सोडल्या. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या बोटी होलिहेडहून आयर्लंडला जात. १९२३ साली तिथल्या बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले, तेव्हा इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला जाणाऱ्या बोटी सदर्न रेल्वेकडे आल्या.

आपल्याकडेही असे एक उदाहरण होते. साउथ इंडियन रेल्वेची गाडी धनुष्कोडीला समुद्रापर्यंत जाई आणि तिथून त्याच रेल्वेची बोट १९१४ सालापासून सिलोनच्या तलैमन्नारला जाई. चहामळ्यांवर राबायला निघालेले तमिळ मजूर मंडपमच्या छावणीत तपासणी होऊन याच वाटेने गेले. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी वाहून गेले आणि ती बोट बंद पडली. चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या गाडीला लोक अजून 'बोट मेल' म्हणतात, ते या जुन्या बोटीमुळे. (कोकणातून भाऊच्या धक्क्याला येणारी आपल्या आजा-पणजाची बोट मात्र रेल्वेची नव्हे. कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती.)

आता पोस्टरकडे येऊ. तिकीट विकायचे तर लोकांना सांगायला हवे, आणि सांगायला भिंत रेल्वेची स्वतःचीच. स्टेशनावर गाडीची वाट पाहणारा माणूस दहा मिनिटे समोर बघत उभा असतो, त्याच्यासारखे गिऱ्हाईक नाही. सुरुवातीला या जाहिराती म्हणजे नुसते वेळापत्रक असे, बारीक अक्षरांनी गच्च भरलेले. नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकाराने १९०५ च्या सुमारास आयर्लंडच्या बोटीसाठी जे पोस्टर काढले त्यात मोठे आकाश, मोठा समुद्र आणि अक्षरे मोजकी. तेव्हा ते नवल वाटले, पुढे तीच रीत झाली. हा विल्किन्सन मोठा मजेचा माणूस. बोटी लोकांच्या डोळ्यांत भराव्यात म्हणून त्याने आयुष्यभर चित्रे काढली, आणि पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुडीला बोट कोणत्या दिशेने चालली आहे हे कळू नये म्हणून बोटींवर आडवेतिडवे पट्टे रंगविण्याची युक्तीही त्यानेच काढली.

ही पोस्टर्स छापण्याचे काम नाजूक. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, आणि एकावर एक रंग नेमका बसला पाहिजे. केसभर सरकला तर बोटीचे धुराडे आकाशात. पुढे कॅनेडियन पॅसिफिकने १९३० नंतर स्वतःच्या कारखान्यात जाळीतून रंग दाबून छापायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या वस्तीतली मुले लग्नपत्रिका आणि जयंतीचे बॅनर ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, तेच. रंग जाड बसतो, झळकतो, आणि थोड्या प्रती काढायच्या असल्या तर स्वस्त पडतो. आमच्या कॅलेंडरच्या साध्या छपाईतसुद्धा त्या निळ्या रंगाची ऐट गेलेली नाही. चित्रकलेतले आम्हाला काही कळत नाही, आम्ही पडलो बी.कॉम.; पण सुंदर आहे ते सुंदर म्हणायला पदवी लागत नाही.

हिशेब मात्र आम्हाला कळतो. तेव्हा या कंपनीचा हिशेब पाहू.

कॅनडा हा देश पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत अफाट पसरलेला. तो रुळांनी जोडण्यासाठी १८८१ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी स्थापन झाली. सरकारने तिला अडीच कोटी डॉलर रोख आणि अडीच कोटी एकर जमीन दिली. चुकून जास्त शून्ये लिहिली नाहीत, आम्ही दोनदा तपासले. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात सुरुंग लावायला, कडे फोडायला सुमारे पंधरा हजार चिनी मजूर कामाला होते. त्यांना गोऱ्या मजुरापेक्षा कमी मजुरी मिळे. दरडी, स्फोट आणि आजार यांत शेकडो मेले. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी रुळाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. त्या प्रसंगाचे छायाचित्र कॅनडात घरोघर माहीत आहे. दाढीवाले, टोपीवाले बरेच लोक दाटीवाटीने उभे आहेत. त्यात चिनी मजूर एकही दिसत नाही. त्याच वर्षी कॅनडा सरकारने देशात येणाऱ्या प्रत्येक चिनी मजुरावर ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसविला. म्हणजे रूळ झाले, आता तुम्ही नका येऊ. १९०० साली तो १०० डॉलर झाला, १९०३ साली ५००. ही त्या मजुराची दोन वर्षांची कमाई.

रूळ पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचले. पुढे काय? पुढे जपान आणि चीन. कंपनीने ब्रिटिश सरकारकडून टपाल नेण्याचे कंत्राट मिळविले आणि १८९१ साली तीन नव्या बोटी पाण्यात उतरविल्या : एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना. एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञी. बोटींचा रंग पांढरा, म्हणून पुढे या कंपनीच्या बोटींना 'पांढऱ्या सम्राज्ञी' असेच नाव पडले. झेंडा लाल-पांढऱ्या चौकटींचा, बुद्धिबळाच्या पटासारखा. तो कंपनीचे अध्यक्ष व्हॅन हॉर्न यांनी काढलेला. व्हॅन्कुव्हरहून योकोहामा आणि हाँगकाँग हा त्यांचा मार्ग. 'एम्प्रेस ऑफ इंडिया'च्या पहिल्या सफरीच्या वेळी सगळ्या जगाला वळसा घालणारे तिकीट ६०० डॉलरला विकले गेले. वाचकांनी हा आकडा वरच्या ५०० च्या शेजारी मांडून पाहावा. साहेबाला जगप्रदक्षिणा ६०० डॉलरला, आणि चिनी मजुराला बोटीतून धक्क्यावर फक्त पाय ठेवायचे, थोड्याच वर्षांनी, ५०० डॉलर.

या बोटीत जागा किती? पहिल्या वर्गात १२०, दुसऱ्या वर्गात ५० आणि खाली तळाच्या वर्गात ६००. एकूण ७७०. तळाचा वर्ग बहुतेक चिनी प्रवाशांनी भरलेला असे. भट्टीत कोळसा ओढणारे आणि वर जेवणाच्या खोलीत बशा नेऊन ठेवणारेही पुष्कळसे चिनीच. आता पोस्टर पाहा. आमच्या कॅलेंडरवर ही बोट आणखी दोन महिन्यांच्या पानांवर आहे. कुठे कठड्याशी टेकून उभी टोपीवाली बाई, कुठे खुर्चीत पाय पसरून बसलेला गृहस्थ. सगळे पहिल्या वर्गाचे. ७७० तले ६०० चित्रात नाहीत. धुराड्यातून धूर निघताना दिसतो, पण धूर काढणारा दिसत नाही. चित्रकाराला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. त्याला जे विकायला सांगितले तेच त्याने रंगविले.

कंपनी दोन प्रकारचे पोस्टर काढी, हे ध्यानात ठेवावे. एक फिरायला जाणाऱ्यांसाठी : बर्फाचे डोंगर, कंपनीची स्वतःची आलिशान हॉटेले, पांढरी बोट. दुसरे पोट भरायला जाणाऱ्यांसाठी : पिकलेला गहू, लाकडी घर, गुटगुटीत मुले. हे दुसरे युरोपात गावोगाव लागत, वेगवेगळ्या भाषांत. १९०३ साली कंपनीने अटलांटिक समुद्रावरचा बोटींचा एक ताफा विकत घेतला, तेव्हापासून तिची साखळी पुरी झाली. युरोपातला गरीब शेतकरी घरून निघाला की तिचीच बोट, उतरला की तिचीच गाडी, गाडीत लाकडी फळ्यांचे बाक आणि टोकाला एक सामाईक चूल, पोहोचला की तिच्याकडूनच जमीन हप्त्याने. १९०९ पासून तर घर, गोठा, कुंपण आणि विहिरीसकट तयार शेतेही ती विकू लागली. आणि त्या शेतात पिकलेला गहू बंदराला न्यायला पुन्हा तिचीच मालगाडी. एक माणूस आणि पाच ठिकाणी जमा! इतकी चोख खतावणी आम्ही आमच्या नोकरीत पाहिलेली नाही. व्हॅन हॉर्न यांना मानावेच लागते. डोंगर उचलून नेता येत नसतील तर माणसे आणू, अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या नावावर सांगतात.

आता खरी गोष्ट सांगतो.

जाहिरात ज्याच्यासाठी लावली त्याच्याच डोळ्यांना दिसते असे नाही. हाँगकाँगला ब्रिटिशांच्या पोलिसात आणि पहारेकरी म्हणून पुष्कळ पंजाबी होते. त्यांनी पॅसिफिकपलीकडे जाणाऱ्या या बोटी रोज पाहिल्या. लाकडाच्या गिरण्यांत रोज दीड-दोन डॉलर मिळतात हे ऐकले. शेत गहाण टाकून माणसे निघाली. कलकत्त्याहून हाँगकाँग, हाँगकाँगहून कॅनेडियन पॅसिफिकच्या बोटीने व्हॅन्कुव्हर. १९०४ ते १९०८ या काळात पाच हजारांवर हिंदी माणसे तिथे उतरली, बहुतेक शीख. कंपनीला गिऱ्हाईक हवे होते, गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग तिला आड येत नव्हता. तळाच्या वर्गातल्या रिकाम्या जागा भरत होत्या ना, मग झाले.

पण बंदरावरच्या गोऱ्या कामगारांना ते खपेना. ७ सप्टेंबर १९०७ रोजी व्हॅन्कुव्हरमध्ये मोठा जमाव चिनी आणि जपानी वस्त्यांवर चालून गेला, दुकाने फोडली. चौकशीला मॅकेन्झी किंग नावाचे अधिकारी नेमले गेले, हेच पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. १९०८ च्या त्यांच्या अहवालात हिंदी लोक का आले याची कारणे दिली आहेत. त्यातले एक प्रमुख कारण असे, की हिंदुस्थानच्या काही ग्रामीण भागांत बोट कंपन्यांच्या एजंटांनी कॅनडात नशीब कसे उजळते याची भडक वर्णने पसरविली. म्हणजे जाहिरात! तीच जाहिरात युरोपच्या खेड्यात लागली तर देशाची उभारणी, आणि पंजाबच्या खेड्यात लागली तर चौकशी.

हिंदी लोकांना बंदी घालायची तर एक अडचण होती. हिंदुस्थान आणि कॅनडा दोन्ही एकाच बादशहाच्या अमलाखाली. 'हिंदी माणसाला प्रवेश नाही' असे उघड लिहिले असते तर इकडे असंतोष झाला असता आणि लंडनला उत्तर द्यावे लागले असते. म्हणून ८ जानेवारी १९०८ रोजी जो हुकूम निघाला त्यात हिंदुस्थानचे नाव नाही, कुठल्या वंशाचे नाव नाही, रंगाचा उल्लेख नाही. मजकूर इतकाच, की जो माणूस आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून सलग प्रवास करून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर येणार नाही, त्याला उतरू न देण्याचा अधिकार सरकारला आहे. वाचायला किती निरुपद्रवी! नाव न घेता दार कसे लावतात हे आपल्या वाचकांना आम्ही शिकवायला नको.

आता मेख पाहा. हिंदुस्थानातून व्हॅन्कुव्हरपर्यंत सलग तिकीट देऊ शकेल अशी कंपनी एकच, कॅनेडियन पॅसिफिक. सरकारने तिच्यावर दबाव आणून ते तिकीट विकणे बंद करविले. म्हणजे नियम सांगतो सलग तिकीट आणा, आणि खिडकीवरचा कारकून सांगतो सलग तिकीट मिळत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर! आम्ही स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारे, म्हणून हा प्रकार आम्हाला जास्तच लागला. यातून कुणी निसटलाच तर दुसरी गाळणी तयार होती : उतरताना जवळ २०० डॉलर रोख दाखविले पाहिजेत. ही अट आशियातून येणाऱ्यांना. इतरांना पंचवीस पुरत.

परिणाम सरकारी आकड्यांतच आहे. १९०७-०८ च्या आर्थिक वर्षात २,६२३ हिंदी लोक कॅनडात आले. पुढच्या वर्षी सहा. सहाशे नव्हे, सहा. आधी आलेले पुरुष तिथे अडकून पडले. त्यांच्या बायका-मुलांनाही हाच नियम लागू, त्यामुळे संसार इकडे आणि माणूस तिकडे. बायका-मुलांना आणायची परवानगी १९१९ साली मिळाली. तोवर कित्येक घरांत मुलांनी बापाला पाहिलेले नव्हते. गिरणीतली मजुरी मनिऑर्डरने येई, पण बाप येत नसे. ज्यांच्या घरातले माणूस मुंबईच्या गिरणीत राहिले आणि बायको गावी, त्यांना हे दुःख वेगळे सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की मुंबईहून शिमग्याला घरी येता येई.

१९१४ साली गुरदित सिंग या व्यावसायिकाने ठरविले, की कंपनी तिकीट देत नाही ना, मग बोटच भाड्याने घेऊ. 'कोमागाता मारू' नावाची जपानी बोट त्यांनी हाँगकाँगला भाड्याने घेतली. शांघाय, मोजी, योकोहामा अशी माणसे घेत ती २३ मे १९१४ रोजी व्हॅन्कुव्हरच्या खाडीत पोहोचली. बोटीवर ३७६ प्रवासी : ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सगळे बादशहाचे प्रजाजन. बोट धक्क्याला लागू दिली नाही. किनारा समोर दिसतो, पण उतरायचे नाही, अशा स्थितीत ती दोन महिने उभी राहिली. अन्न संपत आले, पाणी संपत आले. किनाऱ्यावरच्या हिंदी कामगारांनी वर्गणी करून वीस हजार डॉलरवर रक्कम उभी केली आणि बोटीचे थकलेले भाडे भरले. रोज दीड-दोन डॉलर कमावणाऱ्यांची ही वर्गणी आहे! दिवसाचे किती तास त्यात गेले असतील याचा हिशेब आम्ही मांडायला घेतला आणि सोडून दिला. खटलाही लढविला. मुन्शी सिंग या एका प्रवाशाच्या नावाने तो चालला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाचही न्यायाधीशांनी एकमताने निकाल विरुद्ध दिला.

याच बंदरात त्याच दोन महिन्यांत कॅनेडियन पॅसिफिकच्या पांढऱ्या बोटी येत-जात होत्या. आमच्या कॅलेंडरवर जसे आहे तसेच दृश्य असेल, निळे पाणी, मागे डोंगर. फक्त चौकटीच्या जरा बाहेर एक काळपट जपानी बोट.

१९ जुलैच्या रात्री पोलिसांनी भरलेली एक छोटी बोट 'कोमागाता मारू'वर चढाई करायला गेली. प्रवाशांनी कोळशाच्या ढेकळांनी आणि हाताला लागेल त्या वस्तूंनी तिला परतविले. मग सरकारने 'रेनबो' ही युद्धनौका आणून समोर उभी केली. २३ जुलैला 'कोमागाता मारू' माघारी निघाली. पूर्वी तिथे राहिलेले आणि काही मोजके, असे २४ जण तेवढे उतरू शकले. बोट हुगळी नदीतल्या बजबज बंदराला २९ सप्टेंबरला लागली. तिथे प्रवाशांना पोलीस पहाऱ्यात थेट पंजाबला धाडायचे ठरले होते, ते त्यांनी मानले नाही. गोळीबार झाला, किमान वीस प्रवासी ठार झाले. घरी परतायला निघालेली माणसे घराच्या अलीकडे मारली गेली.

याच मे महिन्यात आणखी एक घडले, तेही नोंदवून ठेवतो. 'कोमागाता मारू' व्हॅन्कुव्हरला पोहोचली त्याला सहा दिवस झाले होते. २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला सेंट लॉरेन्स नदीत, धुक्यात, कंपनीची 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' ही बोट एका कोळशाच्या बोटीशी आदळली आणि चौदा मिनिटांत बुडाली. १,०१२ माणसे गेली. त्यातही मुलेबाळे फार. पण दोन वर्षांपूर्वीच्या 'टायटॅनिक'वर सिनेमे निघाले, तसे हिचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. तिच्यावर श्रीमंत कमी होते म्हणून असेल.

पुढचे थोडक्यात. हिंदी लोकांना त्या प्रांतात मतदानाचा हक्क नव्हता, तो १९४७ साली परत मिळाला आणि सलग प्रवासाचा नियमही त्याच वर्षी रद्द झाला. चिनी लोकांना १९२३ पासून जवळजवळ पूर्ण बंदीच होती, तीही १९४७ ला उठली. डोईपट्टीबद्दल कॅनडा सरकारने २२ जून २००६ रोजी माफी मागितली. 'कोमागाता मारू'बद्दल पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी १८ मे २०१६ रोजी तिथल्या संसदेत उभे राहून माफी मागितली. एकशे दोन वर्षे लागली, पण मागितली. हे आम्ही कुत्सितपणे लिहीत नाही. माफी मागायला नाव घ्यावे लागते, आणि मूळ हुकुमात तेच टाळले होते.

हे सगळे आम्ही शिपायाला दोन-तीन दिवस चहाच्या वेळी थोडेथोडे सांगितले. तो ऐकून घेई. त्याच्या मेहुण्याला आखातात नोकरी लावतो म्हणून एका एजंटाने पैसे मागितले होते, ते प्रकरण घरात चालू होते. "त्या एजंटाच्या कागदावरबी अशीच बोट... म्हंजे इमान हाय," तो म्हणाला. "चकाचक." आम्ही म्हटले, उद्या तो कागद घेऊन ये. त्याने आणला. आम्ही चित्र सोडून बारीक अक्षरे वाचली. कंपनीचा पत्ता नव्हता, एजंटाचा सरकारी नोंदणी क्रमांक नव्हता, पगार कोण देणार ते नव्हते. होता तो एक मोबाइल नंबर. मेहुण्याचे पैसे अजून घरातच आहेत.

बोटींचे काय झाले तेही सांगायचे राहिले. कंपनीने अटलांटिकवरची शेवटची प्रवासी बोट १९७१ साली बंद केली. लोक विमानाने जाऊ लागले. पोस्टर्स मात्र उरली. स्टेशनावर लावून ऊन-पावसात फाटून जाण्यासाठीच ती छापलेली, म्हणून ज्या थोड्या प्रती वाचल्या त्यांना आज लिलावात हजारो डॉलर येतात. नकला तर कॅलेंडरावर, उशांच्या अभ्र्यावर, चहाच्या कपावर, सगळीकडे.

आणि पहिल्या तिघींतली 'एम्प्रेस ऑफ इंडिया'? ती मुंबईला आली. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. युद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते इस्पितळ केले आणि नाव ठेवले 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ही बोट तिच्यासाठी घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती हिंदी मालकीची बोट म्हणून मुंबईहून लंडनला निघाली. गोऱ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेली ही बोट म्हणून त्या दिवसाचे महत्त्व, आणि १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. बोट मुळात कुठली, कुणाची, तिच्या तळाशी कोण कोण बसून गेले, हे त्या दिवशीच्या भाषणांत आम्ही तरी ऐकलेले नाही. धंद्यात ती फार काळ टिकली नाही. वय झाले होते. १९२३ साली मुंबईतच ती मोडीत काढली. तिचे पत्रे, पितळ, लाकूड इथल्याच बाजारात विकले गेले असणार.

परवा शिपायाने मे महिन्याचे पान उलटले. जूनमध्ये बर्फाच्या डोंगरातून जाणारी आगगाडी आहे. "ही तरी रेल्वेची ना?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, हो, ही रेल्वेचीच. तो जरा जवळ जाऊन रुळांकडे बघत राहिला.